अर्धा गुण कसा मिळवावा: स्पर्धेतल्या बरोबरीच्या डावाचं पायरीपायरीने मार्गदर्शन

हौशी बुद्धिबळपटूंच्या स्पर्धेत निकालाच्या रकान्यात अर्धा-अर्धा दिसला की बघणाऱ्याला वाटतं, दोघांनी सांभाळून खेळून हात मिळवले असतील. तेराशे ते अठराशे रेटिंगच्या (खेळाडूची ताकद दाखवणाऱ्या आकड्याच्या) पटांवर असं फार थोड्या वेळा होतं. कुणीतरी जिंकत आणलेला डाव घालवलेला असतो, कुणीतरी हरलेला डाव ओढून काढलेला असतो, आणि कित्येकदा एकाच डावात या दोन्ही गोष्टी आळीपाळीने घडलेल्या असतात. या अर्ध्या गुणांसाठी आपण तयारी मात्र काहीच करत नाही. सगळा वेळ ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चाली, पाठ करण्यात जातो. मोजके शेवट (थोडेच मोहरे उरल्यावरच्या स्थिती), पाच-सहा नियम आणि तोंड कधी उघडायचं याचं भान एवढ्या भांडवलावर वर्षभरात जितके अर्धे गुण वाचतात, तितके सिसिलियन नावाच्या ओपनिंगच्या विसाव्या चालीपर्यंतच्या पाठांतराने वाचत नाहीत, असं माझं ठाम मत आहे.

खाली घरांची नावं ए ते एच आणि १ ते ८ अशी दिली आहेत. वजीर, हत्ती, उंट, घोडा यांच्यासाठी व, ह, उं, घो, राजासाठी रा. मारामारीसाठी × आणि शहासाठी +. शक्यतो पट समोर मांडूनच वाचा.

पायरी पहिली: अर्ध्या गुणाची किंमत आधीच काढून ठेवा

फेरीची जोडी जाहीर झाली की समोरच्याचं रेटिंग कळतंच. समजा तुम्ही १५०० आणि तो १७००. दोनशेच्या फरकाला फिडेच्या (आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ संघटनेच्या) तक्त्याप्रमाणे तुमच्याकडून ०.२४ गुणाची अपेक्षा असते. बरोबरी झाली तर तुम्ही अपेक्षेपेक्षा ०.२६ जास्त मिळवता. तुमचा के-गुणक (रेटिंग किती वेगाने बदलावं ते ठरवणारा आकडा) २० असेल तर ५.२ रेटिंग वाढतं. ४० असेल तर १०.४. (नव्या खेळाडूला पहिले ३० डाव होईपर्यंत ४०, आणि २३०० च्या खालच्या मुलांना अठराव्या वर्षाच्या अखेरीपर्यंत ४०.) म्हणून समोर बसलेल्या दहा वर्षांच्या पोराशी बरोबरी झाली, की त्याचं रेटिंग तुमच्या घसरणीच्या दुप्पट वेगाने चढलेलं दिसतं. तो तुमच्यावरचा अन्याय नाही, दोघांचे गुणक वेगळे असतात इतकंच.

रेटिंग नसलेल्यांसाठी एक मजेशीर तरतूद आहे. मार्च २०२४ पासून पहिलं रेटिंग काढताना १८०० च्या दोन काल्पनिक प्रतिस्पर्ध्यांशी झालेल्या दोन बरोबऱ्या हिशेबात धरल्या जातात. म्हणजे पहिला पट मांडण्याआधीच तुमच्या खात्यात दोन बरोबरीचे डाव जमा!

पण रेटिंग हा हिशेबाचा एक भाग झाला. स्विस पद्धतीत (कुणी बाद होत नाही, सारखे गुण असलेल्यांच्या जोड्या लागतात) शेवटच्या फेरीत अर्ध्या गुणाने तुमचं बक्षीस नक्की होतं की जातं, हे फेरीच्या आधी बघून ठेवावं. डावाच्या मध्यावर उठून गुणतक्ता शोधत फिरू नये. बाद फेरीच्या स्पर्धेत बरोबरीचा अर्थ आणखी वेगळा असतो. २०२५ च्या महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत, बातुमीला, नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हंपीशी दोन्ही क्लासिकल (लांब वेळेचे) डाव बरोबरीत सोडवले आणि बरोबरी फोडणाऱ्या रॅपिडच्या (कमी वेळेच्या) टायब्रेकमध्ये १.५-०.५ ने बाजी मारली. तिथे बरोबरी म्हणजे लढाई वेगवान मैदानावर नेणं. कुठल्या मैदानावर आपण बरे आहोत, हे ज्याचं त्याने ओळखावं.

पायरी दुसरी: स्पर्धेचं माहितीपत्रक वाचा

तीन गोष्टी शोधा. ठरावीक चालींच्या आत आपसात बरोबरी करायला बंदी आहे का? आयोजकांना तशी बंदी घालता येते, मात्र ती आधी जाहीर करावी लागते. सोफियात २००५ साली झालेल्या एमटेल मास्टर्स स्पर्धेत आपसातल्या बरोबरीला मज्जावच केला होता, तेव्हापासून अशा बंदीला ‘सोफिया नियम’ म्हणतात. दुसरं, प्रत्येक चालीला जादा सेकंद मिळतात का? ९० मिनिटं अधिक ३० सेकंद आणि नुसती ६० मिनिटं यांत बरोबरी वाचवण्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. ३० सेकंदांची वाढ असेल तर चाली शेवटपर्यंत लिहिणं बंधनकारक, आणि तो लिहिलेला कागदच पुढे तुमचा साक्षीदार होतो. तिसरं, टायब्रेकचा, म्हणजे गुण सारखे झाल्यावर क्रमांक ठरवणाऱ्या निकषांचा, क्रम. तो वाचून विसरला तरी चालेल.

पायरी तिसरी: प्रस्ताव द्यायची रीत

ही रीत चुकवणारे इतके जण दिसतात की सविस्तर लिहिणं भाग आहे. क्रम असा: आपली चाल पटावर करा. मग हळू आवाजात ‘ड्रॉ?’ किंवा ‘बरोबरी?’ एवढंच विचारा. मग घड्याळ दाबा. मग चालीच्या कागदावर (=) अशी खूण करा. ही खूण दोघांनीही करायची असते.

समोरचा विचार करत असताना प्रस्ताव दिला तरी तो ग्राह्य धरला जातो, पण तो उपद्रव ठरू शकतो आणि पंच समज देऊ शकतात. स्वतःची चाल न करता प्रस्ताव दिलात तर समोरचा ‘आधी चाल करा’ म्हणू शकतो, आणि चाल पाहून मग ठरवू शकतो. तुम्हाला मात्र शब्द मागे घेता येत नाही. एकदा दिलेला प्रस्ताव तो स्वीकारेपर्यंत, तोंडी नाकारेपर्यंत, किंवा खेळण्याच्या उद्देशाने मोहऱ्याला हात लावेपर्यंत जिवंत राहतो. म्हणून भलत्याच चालीबरोबर प्रस्ताव देऊ नका. चाल चुकलेली असेल तर तो शांतपणे वीस मिनिटं तुमच्या चुकीचा अभ्यास करेल, आणि या सगळ्या वेळात बरोबरीही त्याच्या खिशात असेल.

एकदा नाही म्हटल्यावर परिस्थिती बदलल्याशिवाय पुन्हा विचारू नये. दर तीन चालींनी ‘ड्रॉ?’ विचारणारे खेळाडू असतात. नियमाने ते त्रास देणं ठरतं आणि पंचांना बोलावायचा तुम्हाला हक्क आहे. शिवाय अशा माणसाचं पोकळ पितळ तिथेच उघडं पडतं: त्याला खेळायची भीती वाटतेय.

प्रस्ताव द्यायला चांगली वेळ कोणती? पट समान आहे, पण समोरच्याला पुढे काय करायचं ते सुचत नाहीये आणि त्याच्या घड्याळात वेळ कमी आहे, ही वेळ प्रस्तावाची नाहीच. ती खेळत राहायची वेळ. प्रस्ताव तेव्हा द्यावा, जेव्हा तुम्हाला सुरक्षित मार्ग दिसतोय आणि जिंकायचा प्रयत्न करायला काही मोडावं लागेल. वाईट स्थितीत प्रस्ताव देणं म्हणजे समोरच्याला जाऊन सांगणं की ‘मला वाईट वाटतंय’. काही जणांना तोवर ते कळलेलंही नसतं.

पायरी चौथी: समोरून प्रस्ताव आला तर

हात मोहऱ्यांपासून दूर. नुसता हात लावलात तरी प्रस्ताव गेला. घड्याळ तुमचं चालू आहे, उत्तर द्यायची घाई कुणीही केलेली नाही. डोक्यात क्रमाने बघा: त्याने आत्ताच केलेल्या चालीत काही चूक आहे का, ‘नाही’ म्हटलं तर माझी पुढची चाल कोणती, आणि तो आत्ताच का विचारतोय. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा घड्याळात असतं.

समोरच्याचं रेटिंग तुमच्याहून तीनशेने जास्त आहे आणि तो स्वतःहून बरोबरी मागतोय, तर मन लगेच पाघळतं. पण तो का मागतोय? कारण बहुधा त्याला त्याची बाजू आवडत नाहीये. मी नवख्यांना सांगतो, अशा वेळी निदान पाच मिनिटं जिंकायची वाट शोधा. नाही सापडली तर खुशाल हात मिळवा. त्यात कमीपणा काही नाही.

पायरी पाचवी: डाव घसरतोय हे कळल्यावर

इथेच खरे अर्धे गुण असतात, म्हणून इथे जरा रेंगाळू.

एक प्यादं गेलंय, दोन गेलीत, वाईट वाटतंय. सवयीने हात मोठे मोहरे मारामारीत संपवायला निघतो, ‘डाव सोपा होईल’ म्हणून. सोपा होतो, पण समोरच्यासाठी. मागे पडलेल्याने प्यादी बदलावीत, मोठे मोहरे राखावेत. प्यादी जितकी कमी, तितकं वजीर करायला त्याच्याकडे साहित्य कमी. एक घोडा जास्त असला तरी प्यादंच उरलं नाही तर एकट्या घोड्याने मात होत नाही. पुढे असलेल्याने याच्या बरोबर उलट करावं.

सगळ्यात जपून करायची अदलाबदल म्हणजे शेवटचा मोठा मोहरा. नुसत्या राजा-प्याद्यांच्या शेवटात एका प्याद्याचा फरक बहुतेक वेळा निर्णायक ठरतो. हत्ती पटावर असताना तोच फरक पचवता येतो. सिंगापूरला १२ डिसेंबर २०२४ रोजी जगज्जेतेपदाच्या चौदाव्या डावात हेच झालं. गुण ६.५-६.५. गुकेशकडे एक प्यादं जास्त होतं, तरीही डाव बरोबरीकडेच चालला होता आणि बघणारे टायब्रेकची चर्चा करत होते. तेव्हाचा जगज्जेता डिंग लिरेनने ५५ वी चाल ह एफ२ अशी केली आणि हत्ती बदलायला दिले. त्यापाठोपाठ उंटही बदलले जाणार होते, आणि उरणारा राजा-प्याद्यांचा शेवट सरळ हरलेला होता. एका अदलाबदलीने जगज्जेतेपद गेलं. मुळात हत्ती बदलायची सक्ती नव्हती, वाट पाहणारी एखादी चाल पुरली असती.

उलट टोकाचं उदाहरण रेक्याविकचं, ११ जुलै १९७२. फिशर आणि स्पास्की यांच्या जगज्जेतेपदाच्या लढतीतला पहिला डाव, उंटांचा समान शेवट, हात मिळवून उठावं अशी स्थिती. फिशरने २९ व्या चालीला एच२ वरचं प्यादं उंटाने खाल्लं, उंट अडकला आणि डाव गेला. त्याने तसं का केलं यावर लोक आजही बोलतात. आपल्यापुरतं घ्यायचं ते असं: बरोबरीच्या स्थितीत फुकट दिसणाऱ्या प्याद्याकडे जाणारा मोहरा परत कसा येणार, हे आधी बोटाने मोजा.

घसरत्या डावात आणखी एक करा. प्रत्येक चालीला स्वतःला विचारा, ‘मला हरवण्यासाठी त्याला नेमकं काय करावं लागेल?’ उत्तर दोन वाक्यांत देता आलं तर ते अडवा. देता आलं नाही, तर त्यालाही ते माहीत नसण्याची शक्यता मोठी आहे.

पायरी सहावी: हे शेवट हाताला बसवा

पहिला, एक प्यादं विरुद्ध एकटा राजा. पांढरा राजा डी५, पांढरं प्यादं ई५, काळा राजा ई७. पांढऱ्याने ई६ केलं. आता काळ्याने सरळ मागे यायचं, रा ई८. तिरकं नाही. मग रा डी६ रा डी८, ई७+ रा ई८, आणि पांढऱ्याला प्यादं वाचवायला रा ई६ करावंच लागतं: स्टेलमेट, म्हणजे राजाला शह नाही पण करायला चालही नाही, म्हणून बरोबरी. आता रा ई८ ऐवजी रा डी८ करून बघा: रा डी६ रा ई८, ई७ आणि काळ्याला रा एफ७ शिवाय चाल नाही, रा डी७ झालं की वजीर आलाच. दोन चालींमधला फरक एका घराचा, निकालातला फरक अर्ध्या गुणाचा. हा शेवट घड्याळात दहा सेकंद असताना झोपेत खेळता आला पाहिजे.

दुसरा, फिलिडोरचा हत्ती. फ्रेंच खेळाडू आणि संगीतकार फिलिडोरने अठराव्या शतकात दाखवलेली ही स्थिती हौशी स्पर्धांत आजही वारंवार पटावर येते. पांढरा: राजा डी५, प्यादं ई५, हत्ती एच७. काळा: राजा ई८, हत्ती बी२. खेळी काळ्याची. चाल एकच लक्षात ठेवा: ह बी६. हत्ती सहाव्या आडव्या रांगेवर बसला की पांढऱ्या राजाला तिथे पाऊल ठेवता येत नाही. मग हत्तीने त्याच रांगेत मोकळ्या घरांवर येरझाऱ्या घालायच्या. कधीतरी पांढरा कंटाळून ई६ करतो. त्याच क्षणी हत्ती थेट खाली, ह बी१, आणि मागून शह: रा डी६ ह डी१+, रा ई५ ह ई१+, रा एफ६ ह एफ१+. प्यादं ई६ ला गेल्यामुळे राजाला लपायला आडोसा उरलेला नाही. लोक चुकतात ते उत्साहात. प्यादं ई५ लाच असताना शह द्यायला निघतात, मग राजा सहाव्या रांगेवर शिरतो आणि बचाव फार नाजूक होऊन बसतो.

तिसरा, चुकीच्या रंगाचा उंट. पांढऱ्याकडे एच-प्यादं आणि पांढऱ्या घरांवरून चालणारा उंट आहे. एच८ हे काळं घर. काळा राजा त्या कोपऱ्यात पोहोचला की जगात कुणीही त्याला तिथून हुसकावू शकत नाही, शेवटी स्टेलमेट. ए-प्याद्याला उलट: ए८ पांढरं घर, म्हणून तिथे काळ्या घरांचा उंट कुचकामी. हे माहीत असलेला माणूस एक उंट मागे असतानाही कोपऱ्याकडे धावत सुटतो, आणि समोरच्याला आपण जिंकतोय असंच वाटत राहतं.

विरुद्ध रंगांच्या उंटांबद्दल ‘दोन प्यादी मागे असलो तरी बरोबरी’ असं सर्रास सांगितलं जातं. बहुतेकदा खरं आहे, पण फक्त उंटच उरले असतील तर. वजीर किंवा हत्ती सोबत असतील तर तेच उंट हल्लेखोराच्या बाजूने काम करतात, कारण त्याच्या उंटाने मारलेल्या घराचा बचाव तुमचा उंट करूच शकत नाही.

आणि वजिराविरुद्ध सातव्या रांगेवर पोचलेलं प्यादं. ते सी किंवा एफ उभ्या रांगेतलं असेल, तुमचा राजा त्याच्या जवळ आणि समोरचा राजा लांब असेल, तर डाव सोडू नका. प्यादं सी७ वर असताना राजा ए८ च्या कोपऱ्यात शिरतो. वजिराने सी७ खाल्लं की स्टेलमेट. ए आणि एच रांगांतल्या प्याद्यांनाही कोपऱ्यातल्या स्टेलमेटचाच आधार मिळतो. बी, डी, ई, जी मात्र साधारणपणे हरतात.

पायरी सातवी: सततचा शह

बरीच प्यादी गेलीत, पण वजीर शाबूत आहे आणि त्याच्या राजाभोवती भोक पडलंय, तर आधी शहांचं चक्र शोधा. नेहमी भेटणारा नमुना: काळा राजा जी८, प्यादं जी७, एच-प्यादं गेलेलं, एफ७ आणि जी६ ही घरं मोकळी. व ई८+ रा एच७, व एच५+ रा जी८, पुन्हा व ई८+. दरवेळी राजाला एकच घर. फक्त तपासा की एफ८ किंवा एच६ वर काळ्याला मध्ये मोहरा घालता येत नाही.

एक गैरसमज इथेच दूर करू. ‘सतत शह’ असा स्वतंत्र नियम फिडेच्या नियमावलीत आज नाही. पंचांना बोलावून ‘बघा, मी शह देतच राहणार’ म्हटलं तर ते खेळा म्हणतील. डाव संपतो तो आपसातल्या संमतीने, तीनदा तीच स्थिती आल्याच्या दाव्याने किंवा पन्नास चालींच्या नियमाने. तसंच, घरगुती खेळात एकटा राजा उरला की मोठ्याने चाली मोजायची जी पद्धत असते, तिलाही स्पर्धेत थारा नाही.

पायरी आठवी: दावा कसा करायचा

ऑनलाइन खेळून स्पर्धेत आलेल्यांची सगळ्यात जास्त फजिती इथे होते. ॲपमध्ये डाव आपोआप संपतो किंवा बटण दिसतं. पटावर तुम्ही बोलला नाहीत तर काहीच होत नाही.

नियम तीन चालींचा नाही, तीनदा आलेल्या स्थितीचा आहे. सगळे मोहरे त्याच घरांवर, खेळी त्याच बाजूची, किल्लेकोटाचे (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवण्याचे) आणि आँ पासां (दोन घरं पुढे आलेलं प्यादं जणू एकच घर आलं असं धरून) मारण्याचे हक्क तेच. या तीन वेळा लागोपाठ असायची गरज नाही.

बर्लिन बचाव या ओपनिंगमधली एक प्रसिद्ध बरोबरी घेऊन दावा करून बघू. १. ई४ ई५ २. घो एफ३ घो सी६ ३. उं बी५ घो एफ६ ४. किल्लेकोट घो×ई४ ५. डी४ घो डी६ ६. डी×ई५ घो×बी५ ७. ए४ घोबी-डी४ ८. घो×डी४ घो×डी४ ९. व×डी४ डी५ १०. ई×डी६ (आँ पासां) व×डी६ ११. व ई४+ व ई६ १२. व डी४ व डी६ १३. व ई४+ व ई६ १४. व डी४. आता काळ्याने व डी६ केलं की दहाव्या आणि बाराव्या चालीनंतरची स्थिती तिसऱ्यांदा येणार.

काळ्याला दावा करायचा असेल तर त्याने वजिराला हात लावायचा नाही. कागदावर ‘व डी६’ लिहायचं, घड्याळ थांबवायचं, पंचांना बोलावून सांगायचं की ही चाल मी करणार आहे आणि तिने स्थिती तिसऱ्यांदा येते. चाल पटावर करून घड्याळ दाबलंत की हक्क समोरच्याकडे गेला: आता पांढरा आपल्या खेळीला, कशालाही हात लावण्याआधी, दावा करू शकतो. मोहऱ्याला हात लावला तर त्या चालीपुरता दावा बुडाला.

दावा बरोबर ठरला तर डाव तिथेच संपतो. चुकला तर समोरच्याला दोन मिनिटं जादा मिळतात, आणि तुम्ही लिहिलेली चाल तुम्हाला करावी लागते. दावा हा बरोबरीचा प्रस्तावही मानला जातो, त्यामुळे पंच कागद तपासत असताना समोरचा सरळ मान्य करू शकतो. हे सगळं तुमच्या लिहिलेल्या चालींवर अवलंबून आहे. कागदावर गिचमिड असेल तर पंच तरी काय करणार?

हा बर्लिनचा चौदा चालींचा डाव स्पर्धेत मुद्दाम खेळायला मी कुणाला सांगणार नाही. रविवार खर्च करून, प्रवेश शुल्क भरून, पंधरा मिनिटांत पोहे खायला बाहेर येण्यात काय अर्थ आहे?

पन्नास चालींचं गणित असं: दोन्ही बाजूंच्या शेवटच्या पन्नास-पन्नास चालींत एकही प्यादं हललेलं नाही आणि काही मारलं गेलेलं नाही. मोजणी शेवटच्या मारामारीपासून किंवा प्याद्याच्या चालीपासून सुरू होते, म्हणून ती चाल झाली की कागदावर तिथे रेघ ओढून ठेवा. हत्ती आणि उंटाविरुद्ध एकट्या हत्तीने लढायची पाळी आली तर ही रेघच तुमचा दिलासा. दाव्याशिवाय आपोआप बरोबरी व्हायला तीच स्थिती पाचदा यावी लागते किंवा चाली पंचाहत्तर व्हाव्या लागतात. ७५ वी चाल मात देणारी असेल तर मात धरली जाते.

पायरी नववी: घड्याळ पडलं तर

वेळ संपली म्हणजे प्रत्येक वेळी पराभव नसतो. समोरच्याला नियमात बसणाऱ्या कुठल्याच चालींनी मात देणं शक्य नसेल, तर बरोबरी. त्याच्याकडे एकटा राजा असेल तर प्रश्नच मिटला. पण त्याच्याकडे राजा आणि घोडा आहे आणि तुमच्याकडे एखादं प्यादं आहे, तर सावध: तुमच्याच प्याद्याने तुमचा राजा कोपऱ्यात कोंडला जाऊन घोड्याने मात होऊ शकते, कितीही मूर्खपणे खेळावं लागलं तरी. ‘शक्य आहे’ एवढंच बघितलं जातं, ‘होईल का’ हे नाही. तिथे तुम्ही हरता.

पायरी दहावी: कागदपत्रं

हात मिळवल्यावर दोन्ही कागदांवर निकाल लिहून दोघांनी दोन्हींवर सह्या करायच्या. ‘ड्रॉ ना?’ म्हणून हात पुढे केला आणि समोरच्याला वाटलं तुम्ही डाव सोडला, असे वाद होतात. शब्द स्पष्ट उच्चारा, मग हात द्या. पुढच्या फेरीची जोडी लागण्याआधी गुणतक्त्यात आपला अर्धा गुण चढलाय का ते बघा. चूक तेव्हाच सांगितली तर सहज दुरुस्त होते.

पायरी अकरावी: डाव उघडून बघणं

शक्य असेल तर आधी प्रतिस्पर्ध्याबरोबर, मोबाइल न काढता. त्याला कुठे भीती वाटली होती ते विचारा. उत्तर ऐकून तुम्ही चकित व्हाल. ज्या चालीला तुम्ही घाबरलात ती त्याला दिसलेलीही नसते.

घरी आल्यावर पुन्हा एकदा स्वतःच, इंजिन (चाली तपासणारा संगणक कार्यक्रम) बंद ठेवून. तीन खुणा करा: जिथे जिंकायची संधी होती असं वाटतं, जिथे हरत होतो असं वाटतं, आणि जिथे बरोबरी ठरली. प्रत्येक खुणेजवळ तेव्हा घड्याळात किती वेळ होता तो लिहा. मग इंजिन लावा आणि आपल्या खुणा त्याच्या आलेखाशी (कोण किती वरचढ ते चालीगणिक दाखवणाऱ्या) ताडून बघा. जिथे तुम्ही खूण केली नाहीत पण आलेखाने उडी मारली आहे, ती चाल या डावाने तुम्हाला शिकवलेली गोष्ट. इंजिनने ०.०० (समान स्थिती) दाखवलं म्हणून ती स्थिती सोपी होती असं नाही. कित्येकदा त्या शून्याकडे जाणारी एकच पायवाट असते आणि बाकी सगळीकडे दरी.

पटावर राजे धरून सात किंवा कमी मोहरे उरलेले असतील तर इंजिनचाही अंदाज नको. टेबलबेस नावाच्या माहितीसंग्रहात अशा स्थितींचं नेमकं उत्तर असतं आणि लिचेस या संकेतस्थळावर ते फुकट बघता येतं. आपला शेवट तिथे चालीगणिक तपासा. कोणत्या चालीला ‘बरोबरी’ची ‘हार’ झाली होती आणि समोरच्याने ती पुढच्याच चालीला परत केली, हे बघताना अंगावर काटा येतो.

त्यातली एक स्थिती निवडून आठवड्यात चार-पाच वेळा संगणकाविरुद्ध खेळा, पाच मिनिटं आणि तीन सेकंदांच्या वाढीवर, मागे पडलेल्या बाजूने. फिलिडोर सलग तीनदा वाचवता आला की ती स्थिती बाजूला ठेवून पुढची घ्या.